फिगर स्केटचे ब्लेड गार्ड: कोणते घ्यायचे, कसे बसवायचे, कधी काढायचे

महाराष्ट्रात रोलर स्केटिंग शिकणारी मुलं पुष्कळ आहेत. त्यांतली काही पुढे गुरुग्रामच्या मॉलमधल्या, डेहराडूनच्या किंवा सिमल्याच्या रिंकवर बर्फावर उतरतात. टोरांटो किंवा न्यू जर्सीकडच्या मराठी घरांतली मुलं तर सुरुवातच बर्फावर करतात. स्वतःचे स्केट्स घेतले की सोबत गार्ड घ्यायला सांगितलं जातं, आपण आवडत्या रंगाची एक जोडी उचलतो आणि तिथेच पहिली चूक होते. कारण आवरणं दोन प्रकारची लागतात: चालायला कडक गार्ड आणि ठेवायला मऊ सोकर, म्हणजे कापडी पिशवी. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेतलं की धार तरी जाते किंवा गंज तरी चढतो.

रिंकवर भाड्याने मिळणारे स्केट्स वापरत असाल तर यातलं काहीच घ्यायची गरज नाही. पुढचं सगळं स्वतःचे स्केट्स घेतलेल्यांसाठी आहे.

१. ब्लेडला नक्की कशापासून जपायचं

फिगर स्केटचं ब्लेड साधारण ४ मिलिमीटर जाड असतं. तळाशी ते सपाट नसतं. लांबीभर मधोमध एक उथळ पन्हळ असते आणि तिच्यामुळे दोन कडा तयार होतात, आतली आणि बाहेरची. वळणं, फिरक्या, उड्या, सगळं या कडांवर चालतं. धार लावणारा ही पन्हळ बहुधा ७/१६ किंवा १/२ इंच त्रिज्येच्या हिशोबाने काढतो. हिशोब मांडला तर तिची खोली मिलिमीटरच्या पाचव्या भागापेक्षाही कमी भरते. एवढ्या बारीक रचनेला वाळूचा एक कण पुरतो. सिमेंटवरून चार पावलं चाललात तर कडेवर खाचा पडतात, आणि बर्फावर गेल्यावर पाय कडेवर टिकायचा सोडून बाजूला सरकतो.

दुसरा शत्रू पाणी. बहुतेक ब्लेड कार्बन स्टीलची असतात आणि त्यांच्या बाजूंवर क्रोमचा मुलामा असतो. पण धार लावताना तळाचा मुलामा घासून जातो, म्हणजे नेमकी कडच उघडी पडते. घरातल्या लोखंडी विळीचं पातं ओलं ठेवलं तर जे होतं तेच इथे होतं, फक्त इथे नुकसान महाग पडतं. काही महागडी ब्लेड स्टेनलेस स्टीलची असतात. ती सावकाश गंजतात, पण तीही पुसावीच लागतात.

नियमित सराव करणाऱ्याला साधारण २० ते ४० तासांच्या स्केटिंगनंतर धार लावून घ्यावी लागते. प्रत्येक वेळी थोडं पोलाद झिजतं आणि ते परत येत नाही. गार्ड न घालता केलेली प्रत्येक चाल ही पुढची धार अलीकडे ओढते आणि ब्लेडचं आयुष्य तेवढं कमी करते.

२. काय काय लागेल

- कडक गार्ड, एक जोडी
- मऊ सोकर, शक्यतो दोन जोड्या
- पाणी शोषणारी दोन सुती फडकी, एक ब्लेडला आणि एक बुटांना
- मोजपट्टी आणि पक्क्या शाईचा मार्कर
- गार्ड कापून बसवायचे असतील तर लोखंड कापायची बारीक दातांची करवत आणि थोडा सँडपेपर
- जुना टूथब्रश
- शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली

३. कडक गार्डचा प्रकार ठरवा

दुकानात ढोबळमानाने दोन जाती दिसतात.

पहिली, कापून बसवायची. प्लॅस्टिक किंवा रबराची लांब पन्हळ, पुढे टो-पिकसाठी (ब्लेडच्या पुढच्या टोकावरच्या दातांसाठी) रुंद तोंड, मागच्या टोकाला स्प्रिंगने किंवा पट्ट्याने जोडलेलं टोपण. ही तुमच्या ब्लेडच्या मापाने कापली की घट्ट आणि नेमकी बसते. पाय वाढायचा थांबला असेल, ब्लेड दोन-तीन वर्षं तरी बदलणार नसेल, तर हीच घ्या.

दुसरी, दोन तुकड्यांची. पुढचा आणि मागचा भाग मध्ये स्प्रिंगने किंवा लवचिक पट्टीने जोडलेले असतात आणि ताणून वेगवेगळ्या लांबीच्या ब्लेडवर बसतात. वाढत्या मुलांसाठी ही सोयीची, कारण बूट-ब्लेड बदलले तरी गार्ड चालतात. तोटा असा की मधल्या फटीतून खडे आत शिरतात आणि स्प्रिंग सैल पडली की गार्ड चालता चालता निघतो.

आइस हॉकीचे गार्ड घेऊ नका. हॉकीच्या ब्लेडला टो-पिक नसतं आणि ते अरुंद असतं. स्वस्त दिसले म्हणून घेतलेले ते गार्ड फिगर स्केटच्या पुढच्या दातांवर अडतात.

रंग, चमक, दिवे यांपेक्षा तीन गोष्टी पाहा. तळ जाड आणि खडबडीत आहे का, कारण ओल्या टाइल्सवर गुळगुळीत प्लॅस्टिक घसरतं. पाणी निघून जायला तळाला भोकं किंवा खाचा आहेत का. आणि स्प्रिंग धातूची असेल तर ती ब्लेडला घासत तर नाही ना, कारण गंजलेली स्प्रिंग आपला गंज ब्लेडवर उतरवते.

ज्यांच्या ब्लेडमध्ये पोलादाची पट्टी ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवलेली आहे, त्यांनी गार्ड प्रत्यक्ष चढवून पाहिल्याशिवाय घेऊ नये. चौकट जाड असल्यामुळे काही गार्ड अर्ध्यावरच अडकतात.

४. माप घ्या, आकडा वाचू नका

इथे बरेच जण फसतात. ब्लेडवर ९, ९¼, ९½ असा इंचातला आकडा कोरलेला असतो. तो वरच्या, बुटाला स्क्रूने बसणाऱ्या पट्ट्यांच्या लांबीचा असतो: पुढच्या पट्टीच्या टोकापासून टाचेच्या पट्टीच्या मागच्या टोकापर्यंत. प्रत्यक्ष बर्फाला लागणारा भाग टाचेच्या मागे आणखी बाहेर येतो. बुटाच्या नंबरावरून गार्ड मागवणं तर त्याहून धोक्याचं.

स्केट आडवा ठेवा. मोजपट्टी टो-पिकच्या सगळ्यात पुढच्या दातापासून ब्लेडच्या शेपटीच्या टोकापर्यंत सरळ धरा. माप इंच आणि सेंटिमीटर दोन्हींत लिहून ठेवा, कारण उत्पादक दोन्ही वापरतात. दोन्ही स्केट्स मोजा.

आइस डान्सचं ब्लेड वापरत असाल तर त्याची शेपूट साध्या ब्लेडपेक्षा आखूड असते, म्हणजे दुसऱ्याचे कापलेले गार्ड तुम्हाला लांब होतील. एकाच व्यक्तीकडे दोन प्रकारची ब्लेड असतील तर गार्डही दोन जोड्या ठेवा.

५. कापा आणि बसवा

दोन तुकड्यांच्या गार्डला हे सहसा लागत नाही. कापायच्या गार्डसाठी क्रम असा:

गार्ड उलटसुलट करून कापायचं टोक कोणतं ते ओळखा. पाकिटावरचं चित्र पाहा, कारण प्रत्येक बनावटीत ते वेगळं असतं. टो-पिकचं रुंद तोंड कधीच कापायचं नसतं.

ब्लेड पन्हळीत पूर्ण तळाला टेकवा, टो-पिक पुढच्या तोंडात नीट बसवा आणि ब्लेड संपतं तिथे मार्करने खूण करा. आता खुणेवर कापू नका. ३ ते ५ मिलिमीटर जास्त ठेवून कापा, बसवून पाहा, मग लागेल तेवढं थोडं थोडं कमी करा. जास्त कापलेलं प्लॅस्टिक जोडता येत नाही.

कापताना स्केट बाजूला ठेवा. गार्ड ब्लेडवर चढवलेला असताना करवत चालवली तर ती पोलादाला लागणारच. कापलेलं टोक सँडपेपरने गुळगुळीत करा आणि आतला भुगा पूर्ण झटका.

मग तपासणी. गार्ड चढवून स्केट उलटा धरा आणि जोरात हलवा. गार्ड जागचा हलता कामा नये. पुढे-मागे सरकवून पाहा. सरकला तर तो लांब आहे आणि जिन्यावर पाय अडखळेल. मध्ये किंवा टाचेखाली ब्लेड अधांतरी राहत असेल तर गार्ड आखूड आहे, सगळं वजन दोन टोकांवर येऊन तो लवकर तडकेल. शेवटी हाताने काढून पाहा. मुलासाठी घेतले असतील तर मुलालाच काढू द्या. मोठ्यांनाही हिसका द्यावा लागत असेल तर स्प्रिंग फार ताठ आहे.

डावा-उजवा असं मार्करने लिहा आणि सोबत नावही. रिंकच्या कठड्यावर एकाच रंगाच्या चार-पाच जोड्या ओळीने पडलेल्या असतात आणि कापलेला गार्ड दुसऱ्याच्या ब्लेडला बसत नाही.

६. बर्फावर जाताना आणि येताना

बूट घालून लेस बांधायच्या आधीच, बसल्या जागी गार्ड चढवा. उभं राहून चढवायची सवय नको.

दाराशी पोहोचल्यावर एका हाताने कठडा धरा, एक गार्ड काढा, कठड्यावर ठेवा, मग दुसरा काढा. दोन्ही निघाले आहेत याची खात्री करूनच बर्फावर पाय टाका. गार्ड घालून बर्फावर पाऊल ठेवणं हा नवशिक्यांचा आणि अगदी अनुभवी स्केटर्सचाही अपघात आहे. प्लॅस्टिकला बर्फावर पकड अजिबात नसते, त्यामुळे माणूस सावरायच्या आत पाठीवर किंवा डोक्यावर पडतो. मुलांसोबत असलेल्या पालकांनी दाराशी उभं राहून गार्ड स्वतःच्या हातात घ्यावेत. मोठ्या स्पर्धांतही प्रशिक्षक कठड्यापाशी गार्ड हातात घेऊन उभे दिसतात, त्यामागे हेच कारण आहे.

गार्ड जमिनीवर किंवा दाराच्या चौकटीत ठेवू नका. जमिनीवर त्यांत खडे जातात, दारात कुणीतरी त्यांवर घसरतं.

बाहेर येताना दारापाशी थांबा, ब्लेडला चिकटलेला बर्फाचा चुरा फडक्याने पुसा आणि मगच गार्ड चढवा. चुरा तसाच राहिला तर आत वितळून ब्लेड पाण्यात उभं राहतं. बर्फ सारखा करणारं यंत्र फिरत असताना दहा-पंधरा मिनिटांची सुट्टी मिळते, तेव्हाही एवढं कराच.

७. गार्ड घालून कुठे चालायचं

रिंकभोवती काळ्या रबरी चटया असतात आणि त्यांवरून गार्डशिवाय चालणारे बरेच दिसतात. चटई मऊ असते हे खरं, पण बाहेरून आलेल्या प्रत्येक बुटाची वाळू तिच्यात अडकलेली असते. हिवाळ्यात कॅनडा-अमेरिकेत रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि खडी तर थेट चटईवर येते. चार पावलांसाठीही गार्ड घाला.

स्वच्छतागृहात जाताना गार्ड असलेच पाहिजेत. तिथली फरशी ओलीही असते आणि कठीणही. जिन्यावर कठडा धरून, पाऊल थोडं तिरकं ठेवून उतरा. सिमल्यात १९२० साली सुरू झालेल्या उघड्यावरच्या रिंकसारख्या ठिकाणी वाट दगडमातीची असते. तिथे साधे बूट घालूनच कडेपर्यंत जा आणि तिथे बसून स्केट्स चढवा. मॉलमधल्या रिंकवर सरकत्या जिन्यावर स्केट्स घालून पाय ठेवू नका. गार्डचा अरुंद तळ पायरीच्या खाचांत अडकतो.

गार्ड घालून पळणं, उड्या मारणं, फिरकी घेऊन दाखवणं अजिबात नको. तळ जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर रुंद असतो आणि घोटा लगेच मुरगळतो. बर्फाबाहेरचा सराव खेळाच्या बुटांत करायचा असतो.

८. पुसणं: यात घाई चालत नाही

सत्र संपलं की गार्ड काढून बाजूला ठेवा. ते आता पुन्हा ब्लेडवर चढणार नाहीत. फडकं दुमडून दोन-तीन पदरी करा, ब्लेडच्या बाजूने अंगठा आणि बोटं यांच्यामध्ये धरून टाचेकडून पुढे पुसत या. उघडं बोट कडेवरून कधीही फिरवू नका, ताजी धार कातडी सहज कापते. टो-पिकच्या दातांमधल्या फटी फडक्याच्या कोपऱ्याने कोरून पुसा. मग वरच्या पट्ट्या, स्क्रू आणि बुटाचा तळ. तळ आणि पट्टी यांच्यामध्ये राहिलेलं पाणी स्क्रूच्या भोकांतून आत जातं आणि चामड्याचा तळ कुजवतं. हात तिथे गेलाच आहे तर एखादा स्क्रू सैल झालाय का तेही पाहून घ्या.

आता थांबा. बूट बदला, पाणी प्या, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या आणि ब्लेड पुन्हा पुसा. ते पुन्हा ओलं झालेलं असेल. बर्फावरून आलेलं पोलाद शून्याच्या आसपास थंड असतं आणि हवेतली वाफ त्यावर दव होऊन जमते. पावसाळ्यात बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के दमटपणा असेल तर २६ अंशांच्या खालच्या कोणत्याही वस्तूवर दव पडतं. म्हणजे ब्लेड खोलीच्या तापमानाला येईपर्यंत ते ओलं होतच राहतं. कोरड्या हिवाळ्यातही गरम गाडीत किंवा घरात शिरल्यावर हेच होतं, फक्त कमी प्रमाणात. एकदाच पुसून बॅगेत टाकणाऱ्यांच्या ब्लेडवर तांबूस ठिपके दिसतात ते यामुळे, आणि दोष मात्र ब्लेडच्या कंपनीला दिला जातो.

९. सोकर चढवा, पण त्यात चालू नका

सोकर म्हणजे टर्किश टॉवेलसारख्या कापडाची इलॅस्टिक लावलेली पिशवी. राहिलेली ओल ती शोषते आणि बॅगेतल्या इतर वस्तूंना धारेपासून वाचवते. खेळण्यांच्या आकाराचे, केसाळ सोकर मुलांना आवडतात. घ्यायला हरकत नाही, पण आत बोट घालून अस्तर पाहा. अस्तर चकचकीत नायलॉनचं असेल तर ते पाणी शोषणार नाही.

सोकर घालून एक पाऊलही टाकू नका. धार कापड फाडते आणि कापडात रुतलेले कण पुढे महिनाभर कडेला घासत राहतात.

घरी शिवायचे असतील तर सोपे आहेत. जुना पण जाड टर्किश टॉवेल घ्या. ब्लेडच्या मोजलेल्या लांबीपेक्षा ५ सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद असे दोन तुकडे कापा. तळाच्या मधोमध ४ सेंटिमीटर रुंदीची आणखी एक पट्टी शिवून घ्या, म्हणजे धारेखाली कापड दुहेरी होईल. मग लांबीत दुमडून दोन्ही टोकं शिवा आणि वरच्या तोंडाला नेफा करून इलॅस्टिक ओवा. इलॅस्टिकची लांबी तोंडाच्या घेराच्या साधारण दोन तृतीयांश ठेवा. फार घट्ट झालं तर टो-पिकवरून चढताना कापड फाटतं.

दोन जोड्या हव्यात, कारण ओला सोकर रात्रभर ब्लेडला गुंडाळून ठेवणं हे गार्डमध्ये ठेवण्याइतकंच वाईट. आठवड्यातून एकदा धुवा. कपडे मऊ करणारं द्रावण वापरू नका, त्याने कापडाची शोषणशक्ती कमी होते.

घरी पोहोचल्यावर स्केट्स बॅगेतून काढा, लेस सैल करा, जीभ पुढे ओढा, सोकर काढा आणि पंख्याखाली उघडे वाळू द्या. हीटरसमोर, कडक उन्हात किंवा गाडीच्या डिकीत नको, चामडं आणि गोंद दोन्ही खराब होतात. ब्लेड आणि बूट पूर्ण सुकल्यावर कोरडे सोकर चढवून ठेवून द्या.

१०. महिनोन्महिने ठेवायचे असतील तर

गुरुग्राम किंवा डेहराडूनला शिबिरापुरतं जाऊन येणाऱ्या महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या स्केटर्ससाठी हा भाग महत्त्वाचा आहे. मुंबई, कोकण, गोव्याची हवा दमट आणि खारी. ब्लेड पूर्ण कोरडं करा, फडक्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब घ्या आणि ब्लेडवर, विशेषतः तळाच्या पन्हळीत, पातळ थर फिरवा. तेल चामड्याला लागू देऊ नका. कोरडे सोकर चढवा, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उघडून पाहा. बर्फावर जाण्याआधी तेल स्वच्छ पुसा.

बाजूवर हलका तांबूसपणा आला असेल तर तेलाच्या फडक्याने चोळून जातो. गंज कडेवर किंवा पन्हळीत असेल तर धार लावणाऱ्याकडेच न्या. घरी सँडपेपर मारलात तर दोन्ही कडांची उंची सारखी राहत नाही आणि एका पायावर उभं राहणंही अवघड होतं.

११. गार्डलाही सफाई लागते

आठवड्यातून एकदा गार्डची पन्हळ टूथब्रशने आणि पाण्याने घासा. काळा गाळ निघतो, त्यात धातूचा भुगा आणि वाळू दोन्ही असतात. उलटे ठेवून वाळवा. स्प्रिंगवर गंज दिसला तर ती बदला, बदलता येत नसेल तर जोडी बदला.

महिन्यातून एकदा तळ प्रकाशाकडे धरून पाहा. झीज सगळीकडे सारखी होत नाही. चवड्याखाली आणि टाचेखाली तळ आधी पातळ होतो. तिथे प्रकाश झिरपताना दिसला, चीर दिसली किंवा चालताना खट्ट असा धातूचा आवाज यायला लागला, तर ब्लेड फरशीला लागू लागलं आहे. ते गार्ड त्याच दिवशी टाकून द्या आणि नवे येईपर्यंत स्केट्स बर्फाच्या दाराशी बसूनच चढवा-उतरवा.